ते घरी होते

सरकारचं पत्र पियूषने आईला तीनदा वाचून दाखवलं. त्याच्या बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, माफी मिळाली होती. जाऊन नऊ वर्षं झालेल्या माणसाला.

"शनिवारी क्लबात कार्यक्रम आहे, आई. तू फक्त कागद घ्यायचास. निदान बाबा मोकळे होतील."

"माफी कशाची रे?" सासूबाई पोळी लाटत राहिल्या.

आयर्लंडमधल्या मलिंगारजवळच्या त्या गावात सासरे लॅबमध्ये नोकरीला होते, आणि लांब पल्ल्याचे धावपटू. दवातल्या गवताला त्यांची पावलं पाठ होती. एकोणऐंशी साली क्लबातले चांदीचे चषक चोरीला गेले. पुरावा काय, तर एक काळा माणूस पळताना दिसला. गावात काळा माणूस एकच, आणि तो रोज पळायचाच.

त्या संध्याकाळी ते तापाने फणफणले होते. मिठाच्या पाण्याच्या घड्या कपाळावर ठेवत बसली होती कऱ्हाडची एकोणीस वर्षांची नवरी, म्हणजे माझ्या सासूबाई. कोर्टात तिला विचारलं, घरात कोण होतं? "हे होते." हे म्हणजे कोण, नाव सांगा. तिने मान खाली घातली. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? न्यायाधीशाने लिहिलं, बाईला नावही सांगता येत नाही, साक्ष बनावट. सहा महिने तुरुंग. त्यानंतर सासऱ्यांनी बुटाची नाडी धावण्यासाठी कधी बांधली नाही.

"कोर्टात उखाणा कसा घ्यायचा गं, वैदेही?" एकदा सासूबाई हसून म्हणाल्या होत्या.

शनिवारी त्याच क्लबात सासऱ्यांचा फोटो लावलेला. कालच ठोकला असावा, खाली भिंतीचा चुरा तसाच. अंड्याच्या सँडविचचा दर्प. कुणीतरी माझ्या खांद्यावर थोपटून म्हणालं, "ग्रँड, ग्रँड," म्हणजे छानच झालं. सरकारी बाईंनी गोड आवाजात वाचलं, त्यांच्या गुन्ह्याला क्षमा करण्यात येत आहे. टाळ्या. ज्यांचे बाप तेव्हा सासऱ्यांविरुद्ध साक्षीला उभे राहिले होते, तेही टाळ्या वाजवत होते.

"गुन्हा आहेच म्हणजे अजून," सासूबाई माझ्या कानाशी म्हणाल्या. मग माईकपाशी गेल्या, आणि इंग्रजीत, एकेक शब्द पाटावर मांडावा तशा बोलल्या.

"पद्माकर गोविंद थोरात. ते घरी होते. ताप होता. शेजारी मी होते."

त्यांनी कागद बाईंच्या हातात परत ठेवला. "तुमची चूक झाली, असं लिहून आणा. मग घेईन."

गाडीत पियूष कळवळून म्हणाला, "आई, अगं अख्ख्या हॉलसमोर..."

"नाव घेतलं रे त्यांचं." त्या बाहेरच्या ओल्या कुरणाकडे बघत होत्या. "एवढंच तर होतं. एवढं सोपं होतं!"

आणि त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं.