ताईचा इको

हृदय तपासायच्या प्रोबच्या टोकावरून ओघळणारा जेलचा थेंब तिनं बोटानं टिपला आणि प्रोब ताईच्या छातीवर टेकवला.

"ई, गार आहे गं!"

"सगळे हेच म्हणतात. डाव्या कुशीवर वळ."

सकाळी म्हातारे शिंपीकाका येऊन गेले होते. वयानं चुना साचून त्यांची झडप कडक झालेली, पुरती उघडतच नव्हती. मग एक उंच खेळाडू, झडपेला जन्मतःच तीनऐवजी दोन पाकळ्या. त्याची मिटत नव्हती, रक्त मागे गळत होतं... दोघांनाही तिनं स्वच्छ सांगितलं, पुढं काय करायचं तेही. पडद्यावरचं हृदय वाचण्यात तिचा हात धरणारं इथं कुणी नव्हतं, आणि हे तिला ठाऊक होतं.

ताई आली होती ती केवळ तिनं, धाकट्या बहिणीनं, दटावलं म्हणून. जिन्यात जरा धाप लागते, एवढंच. आणि पडद्यावर हे — जाड झालेल्या कडा, एकमेकींना चिकटलेल्या पाकळ्या, मधे नुसती फट. संधिवाताचा ताप. बालपणी घसा धरतो आणि ताप हृदयावर वळ ठेवून जातो...

घसा! दोघींचे एकदमच धरले होते. तिचा स्वतःचा ताप लगेच उतरला; ताईचे पुढं गुडघे सुजले, मग मनगटं. वाढीच्या वयाचं दुखणं, आई म्हणाली. सूज गेली, सगळे विसरले. मग ताईनंच तिला सायकल शिकवली, मागून धरून पळत — आणि पळता पळता मधेच थांबायची, कमरेवर हात ठेवून हसायची. घरी सगळे ताईला लोळणबाई म्हणायचे...

"अगं, एवढी गप्प का?"

"झडप अरुंद झालीय. लहानपणीच्या त्या तापानं. नळीतून फुगा नेऊन उघडता येईल. नाहीच जमलं तर बदलू."

आवाज नेहमीसारखा ठाम होता, आणि बोलणं खरं होतं. पाकळ्या अजून लवचीक होत्या, गळती जवळजवळ नव्हती. हे जमणार होतं.

"म्हणजे मी आळशी नव्हते तर!" ताई खुदकन हसली, हसता हसता खोकली. "आईला कळायला हवं होतं गं हे."

मापं घेऊन झाली होती. तरी तिचा हात निघेना. या फटीचं सगळं तिला सांगता आलं असतं — पण ताई कितव्या पायरीला थांबत होती, थांबल्यावर काय मनात येत होतं, हे इतक्या वर्षांत तिनं एकदाही विचारलं नव्हतं. आता विचारायचं होतं. आणि सुरुवात कुठून करावी, हे तिला काही केल्या सुचेना...