खाऱ्या विहिरींचा लेख

१९३६ च्या हिवाळ्यात भगवंतनं तेल्हाऱ्याभोवतालच्या तेवीस विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून अमरावतीला नेलं. तिथल्या कॉलेजात तो विज्ञान शिकत होता. वर्गातला प्रयोग म्हणून त्यानं प्रत्येक विहिरीचं एक शेर पाणी आटवलं आणि तळाशी उरलेलं मीठ काट्यावर तोललं. आठ विहिरी अशा निघाल्या, की त्यांचं पाणी देत राहिलं तर काळी जमीन दगड होऊन जावी. त्यानं गावात सांगून पाहिलं. माळ्याचा पोरगा चार बुकं शिकून आपल्याला शेती शिकवतो म्हणून लोक हसले. छापून आलं तर मानतील, असं त्याच्या मनानं घेतलं.

त्यानं लेख लिहिला. मासिकाच्या संपादकांनी तो परत पाठवला. विषय बरा आहे, भाषा कुणा जाणत्याकडून सुधारून घ्या. म्हणून तो अकोल्याला वामनरावांकडे गेला. ते मराठीचे निवृत्त शिक्षक. तीन रविवार त्यांनी त्याला समोर बसवून लेख तपासला. चहा पाजला, ऱ्हस्वदीर्घ समजावले, एकदाही आवाज चढवला नाही. पहिल्या रविवारी 'खारं पानी' जाऊन 'क्षारयुक्त जल' आलं. दुसऱ्या रविवारी गावांची नावं गेली. तिसऱ्या रविवारी त्यांनी विहिरींच्या कोष्टकावर तिरपी रेघ ओढली.

"गुरुजी, मला हेच तर सांगायचं आहे," भगवंत म्हणाला.

"आकडे कोण वाचतो? आणि ज्याची विहीर त्याला राग येईल तो वेगळाच. एवढं काढ, मी स्वतः संपादकांना पत्र देतो."

भगवंतनं मान डोलावली. आपलं नाव छापलेलं बघायची त्याला घाई झाली होती.

आश्विनात मासिक आलं. ते घेऊन तो खुशालरावांकडे गेला. गावात त्याचं ऐकणारे तेवढे एकटेच. त्यांची विहीर सगळ्यांत खारी होती आणि लेखाची वाट बघत त्यांनी मिरची लावायची थांबवली होती. त्यांनी लेख दोनदा वाचून घेतला.

"माह्या विहिरीचं तं यात काईच नाई."

"ते काढलं, काका."

"काहून?"

भगवंतनं मासिक मिटून घेतलं.

"खोटं असंल म्हनून काढलं असंल," खुशालराव शांतपणे म्हणाले. त्यांनी मिरची लावली आणि मोट सुरू केली.

पौषापर्यंत झाडं पिवळी पडली. भगवंतनं कोष्टकासह दुसरा लेख पाठवला. आठ दिवसांत कार्डावर उत्तर आलं, की हा विषय मासिकात येऊन गेला आहे.

ते कार्ड खिशात घालून तो वावरात गेला. खुशालराव आणि त्यांची बायको माणिकबाई मेलेली रोपं उपटत होते. मातीवर पांढरी खपली धरली होती. त्याला कुणी बोल लावला नाही. माणिकबाईंनी नुसतं सरकून त्याला वाफ्यात जागा करून दिली, आणि तोही खाली बसून रोपं उपटू लागला.