चाळीस दिवसांचा चिरूट

मगनच्या कपाळाला पाच टाके पडले ते माझ्या डब्यामुळे. तीन पुडांचा स्टीलचा डबा, भाजी-भाकरीने गच्च भरलेला. मी तो कडीला धरून दोन्ही हातांनी फिरवला होता. त्याचा मला आजही पस्तावा नाही. वाईट एवढंच वाटतं की मी कारखान्यात पाच मिनिटं उशिरा पोचले.

त्या पाच मिनिटांत मगनने माझ्या नवऱ्याचा उजवा हात चालू मागाच्या दातेरी चाकात दाबून धरला होता. तीन बोटं गेली, अंगठ्याचा चेंदामेंदा झाला. कारखान्याच्या कागदावर 'अपघात' अशी नोंद झाली.

आणि भांडण कशावरून, तर चिरूटावरून. दुकानदार त्याला सिगार म्हणतात. माझे सासरे हिलाल तरुणपणी सुरतेतल्या एका पारशी म्हाताऱ्याकडे घरकामाला होते. तिथे ते हाताने चिरूट वळायला शिकले आणि मरण्याआधी हेमराजला शिकवून गेले. (घरात मी नवऱ्याचं नाव घेते. ज्यांना खटकतं त्यांनी कान झाकावेत.) हेमराज सहा दिवस सुरतेच्या उधन्यात कापडाचा माग चालवायचा आणि रविवारी चिरूट वळायचा. गुळाच्या पाण्याने तंबाखूची पानं ओलवायची, वळायची, केळीच्या पानात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात चाळीस दिवस ठेवायची. एकोणचाळिसाव्या दिवशी पाय धरलेत तरी तो डबा उघडत नसे.

मगन आमच्याच गल्लीतला, आमच्याच तालुक्यातला. कारखान्यात मुकादम. शेठच्या पाहुण्यांसाठी दहा चिरूट आणतो, असं तो चारचौघांत बोलून बसला आणि मागापाशी येऊन उभा राहिला. हेमराजकडे तेव्हा नवीन पान आलं होतं.

"पान कसं निंघस ते पाहाले एकच वळी ठेयेल शे," हेमराज म्हणाला. "चाळीस दिन जाऊ दे, दादा. कच्चा मी कोनले देवाव नही."

बाकीच्या कारागिरांच्या देखत 'नही' ऐकल्यावर मगनची तळपायाची आग मस्तकात गेली. पुढचं सांगितलंच आहे.

गल्लीतले मोठे सुकलालबाबा म्हणाले, दोन्हीकडून रक्त निघालंय, आता धूर द्या. आमच्यातली ही रीत. गावाकडे चिलीम असायची, सुरतेत हेमराजचा चिरूट आला. ज्याने मारलं त्याने चिरूट आपल्या हाताने धरायचा, ज्याने मार खाल्ला त्याने ओढायचा. तो 'बस' म्हणाला की वैर मिटलं. त्याआधी धरणाऱ्याने हात मागे घेतला तर त्याच्या दारी कोणी पाऊल ठेवत नाही. मगनच्या मुलीचं लग्न पुढच्या महिन्यावर आलं होतं, त्यामुळे तो लगेच तयार झाला. एरवी लोक दोन झुरक्यांत बस म्हणून मोकळे होतात.

हेमराजने तेरा दिवस मागून घेतले. जखम सुकू दे म्हणत असेल, असं सगळ्यांना वाटलं. मला वाटलं, माणूस कच खातोय. माझा नवरा जन्माचा भिडस्त. म्हणून मी पदराखाली शिवणाची कात्री घेऊन गेले. त्याने दोन झुरक्यांत बस म्हटलं, तर ती मगनच्या हातात आरपार घालायची, हे मी ठरवून टाकलं होतं.

रविवारी दुपारी सुकलालबाबांच्या ओट्यावर सतरंजी घातली. हेमराजने पत्र्याचा डबा उघडला. तोच एकटा चिरूट, त्याच्या धड हाताने वळलेला शेवटचा. त्या तेरा दिवसांत त्याचे चाळीस दिवस पुरे झाले होते. त्याने तो डाव्या हाताने नाकाशी नेला, डोळे मिटले, टोक दाताने तोडलं आणि मगनच्या हातात दिला. मगनने काडी ओढली.

"पह्यले खारीक लागस," हेमराज चव घेत म्हणाला.

धूर त्याने गिळला नाही. तोंडात घोळवला, सावकाश सोडला. दुसरा झुरका, तिसरा. मी कात्रीवरचा हात काढला नाही. चहा आला, लोक लग्नाचं बोलू लागले, मगनही हसला. अर्धा तास झाला. मगनने दुसऱ्या हाताने कोपराला टेकू दिला.

"आते भाजेल शेंगा," हेमराज म्हणाला.

इतक्या दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर मी सुख बघत होते. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. निखारा मगनच्या बोटांपासून दोन पेरांवर आला तेव्हा गप्पा थांबल्या. मगनने बोटं मागे सरकवली. मग सरकवायला जागा उरली नाही.

"हेमराज, पोरनं लगीन शे," तो हळूच म्हणाला.

"माले माहीत शे. नीट धर."

आणि त्याने झुरका घेतला, लांब, गाल आत ओढून. निखारा फुलला. मगनचं बोट आधी लाल झालं, मग त्यावर फोड उठला, फोड फुटला आणि चर्र आवाज आला. भाजल्या मांसाचा वास तंबाखूच्या वासात मिसळला. मगन दात आवळून कण्हत होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण हात त्याने तसाच धरला. सुकलालबाबांनी मान फिरवली.

"आते गूळ," हेमराज म्हणाला.

हेच मागायला मी आले होते, आणि आता मला ते बघवेना. कात्री मी सतरंजीवर ठेवून दिली.

"अहो, बस म्हना आते," मी म्हणाले.

त्याने ऐकलं नाही. त्याच्या स्वतःच्या ओठांना चटका बसत होता, मिशीचे केस जळत होते, तरी तो ओढत राहिला. ओट्यावरच्या बाकी सगळ्यांना मी ओळखत होते. फक्त तोच मला ओळखू येईनासा झाला होता.

शेवटी ओढायला काही उरलं नाही.

"बस," तो म्हणाला.

मगनने बोटं उघडली तेव्हा थोटकाबरोबर कातडी निघून आली. तो सतरंजीवर आडवा पडला. लोक पाणी आणायला धावले.

हेमराज माझ्याकडे वळला. वळून झालेल्या प्रत्येक चिरूटाबद्दल तो घरी बोलायचा, तसाच बोलला.

"जरा घट्ट वळाई गया. पुढला येळले ढिल्ला वळसू."

मग त्याने मांडीवरचा पट्टी बांधलेला हात उचलला, समोर धरून बघितला, आणि पुन्हा मांडीवर ठेवला.