मी दिलेल्या दोन निळ्या खुणा

१५ जानेवारी २०२५, सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. एक संदेश, दोन निळ्या खुणा आणि खोलीत माणसे शून्य.

मित्रांनो, मी अकोट्यातील एक जुना संगणक आहे. शरच्चंद्रांनी सुटे भाग आणून मला स्वतः जोडले. पुढे मी धापा टाकू लागलो, तेव्हा भंगारात न घालता त्यांनी माझ्यावर लिनक्स ही हलकी प्रणाली चढवली. मी पुन्हा तरतरीत झालो. फोनवरचे संदेशही ते माझ्याच पडद्यावर मोठ्या अक्षरांत वाचू लागले. "माझे यंत्र झोपत नाही," असे ते पाहुण्यांना अभिमानाने सांगत. पडदा आपोआप बंद होण्याची सोय त्यांनी मुद्दाम काढली होती.

धाकट्या बहिणीच्या, मोहनाताईंच्या, संदेशांची खिडकी ते मायेने उघडीच ठेवून उठत. त्या मायेनेच घात केला. उघड्या खिडकीत आलेला संदेश मी वाचलेला धरतो; समोर कोणी असो वा नसो.

त्या दिवशी वासी उत्तरायण, म्हणजे गुजराती संक्रांतीचा दुसरा दिवस होता. सारे घर गच्चीवर पतंगांत दंग. मोहनाताईंनी लिहिले, "दादा, परवा डोळ्याचं ऑपरेशन आहे. सोबत येशील?" मी तत्काळ निळ्या खुणा पाठवल्या. नंतर शरच्चंद्रांच्या पत्नी चारुलताबाई खाली आल्या व त्यांनी फोटो पाहण्यासाठी दुसरा ग्रुप उघडला. सणाच्या शुभेच्छांच्या ढिगाखाली मोहनाताईंचे नाव गेले. न वाचलेल्याचा हिरवा आकडा दिसेल तोच संदेश उघडायचा, ही शरच्चंद्रांची शिस्त. त्या नावापुढे आकडाच नव्हता.

आठवड्याने मोहनाताई काळा चष्मा लावून आल्या.

"ऑपरेशन झालं? आणि मला कळवलंही नाहीस?"

"दादा, निळ्या खुणा पाहिल्या मी. म्हटलं, सारुं, ठीक आहे, पतंग महत्त्वाचा. एकटी रिक्षाने गेले, एकटी आले."

"अगं, देवाशपथ, मी वाचलंच नाही!"

"मग काय तुझ्या डबड्याने वाचलं?"

मला तोंड असते, तर मी "हो" म्हटले असते.

"यंत्र झोपत नाही म्हणे!" चारुलताबाई पुटपुटल्या. "घरची माणसं झोपली, त्याचं काय?"

शरच्चंद्रांनी मला दोष दिला नाही. खाली मान घालून त्यांनी पडदा बंद होण्याची सोय पुन्हा लावली. पण खूण पाठवली होती ती मीच. तो सल अजून जात नाही.

मित्रांनो, उठताना आमचा पडदा आठवणीने बंद करा. आपल्या माणसाचे बोलणे तुमच्या वतीने ऐकण्याचे काम आमच्यावर सोपवू नका.

मार्चमध्ये मोहनाताईंच्या दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. सोबत गेलेली माणसे : दोन.