शेळ्यांची दावी

माझ्या वडिलांना फोनवर काही समजावणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या प्रोजेक्टसाठी मला काँक्रीटमध्ये घालायला वाख, म्हणजे घायपाताच्या पानांतला धागा, हवा होता. वाख घातलेला ठोकळा मशीनखाली तडकूनही सुटला नाही, तरच शिवानंद सर मला पास करणार होते. नाहीतर सोलापुरात आणखी एक वर्ष. ‘तात्या, मोकळा वाख पाठवा,’ असं घसा बसेपर्यंत सांगितलं. जेऊरहून पोतं आलं. आत वाखाची वळलेली दावी! तेलकट, वर शेळ्यांचे केस चिकटलेले.

त्यांच्या नावानं बोटं मोडत मी ती उकलली, तेल जावं म्हणून धुण्याच्या सोड्यात उकळली, बारीक कापली. हॉस्टेलचा अख्खा मजला गोठ्यासारखा घमघमला. ठोकळे ओतून महिनाभर पाण्यात ठेवले.

परीक्षेला तात्या स्वतः हजर. हातात रिकामं पोतं.

“पोतं कशाला?”

“दावी न्यायला की. झाला न्हवं तुजा पेपर?”

मी कपाळावर हात मारला. “तात्या, ती कापून सिमिटात घातली!”

“समदी?”

“समदी. मी वाख मागितला हुता की!”

“बांदावरचं घायपात जेसीबीनं काडलं, पियंके. वाख कुटनं आणू? मग शेळ्यांचीच सोडली. नायलॉननं त्यांच्या माना सोलत्यात. तुज्या आईला सांगितलंय, सोलापूरला धुवाय टाकलीत.”

म्हणजे महिनाभर आमच्या शेळ्या मोकाट, आणि आई त्यांच्यामागं लोकांच्या मक्यातून पळतेय! माझा राग कुठल्या कुठे गेला.

सरांनी मशीन सुरू केलं. साधा ठोकळा फाडकन फुटला, तुकडे जमिनीवर. मग माझा लावला. करकर वाजलं, वरपासून खालपर्यंत भेग गेली, पण ठोकळा सुटला नाही. तात्यांनी वाकून भेगेला डोळा लावला. आत वाखाचे धागे दोन्ही बाजू धरून होते.

“ह्ये आपल्या चंद्री शेळीचं दिसतंय,” ते म्हणाले.

“पास,” सर म्हणाले. मला रडूच आलं.

तात्यांनी ठोकळा पोत्यात घातला. तेवढ्यात आईचा फोन. मी निकाल सांगितला.

“पास झालीस व्हय? लई ब्येस! आन् दावी वाळली का गं?”

मी तात्यांकडं पाहिलं. ते पोत्याचं तोंड बांधत होते.

“वाळली की,” मी म्हणाले. “लई कडक वाळली.”