खाणं जास्त झालं

"खाणं जास्त झालं साहेब, दुसरं काय," सांडू म्हणाला, आणि बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो.

गारखेड्यातल्या त्या फ्लॅटच्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याच्या चार फुटी टाकीसमोर तिघं उभे होते. सांडू, टाकीचे मालक सुदर्शन साहेब आणि साहेबांच्या आई द्वारकाबाई. सांडूच्या तळहातावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांची मेलेली कोळंबी होती. तळाच्या वाळूत अकरा गोगलगाई उलट्या पडल्या होत्या. मासे मात्र एकजात धडधाकट होते, आणि त्यावरूनच सांडूला खरं काय ते कळलं होतं. खाणं कुजून पाणी बिघडलं असतं, तर मासेही मलूल पडले असते. मासे ठणठणीत आणि कोळंबी-गोगलगाई तेवढ्या मेलेल्या, हे माशांच्या रोगावरच्या तांब्याच्या औषधाचं काम; ते माशांना सोसतं, कोळंबी-गोगलगाईंना नाही.

साहेबांनी आईकडे पाहिलं. विचारलं काहीच नाही. "आई, किती वेळा सांगितलं तुला," एवढंच म्हणाले आणि गाडीची किल्ली घेऊन ऑफिसला निघून गेले.

"माझ्या हातानं झालं व्हय रं हे?" द्वारकाबाईंनी विचारलं.

सांडू पाइप गुंडाळायच्या निमित्तानं खाली वाकला. "होतं आजी कधी कधी," तो म्हणाला.

शहरात सांडूची चाळीसेक गिऱ्हाइकं होती. कुणाची काच हिरवी होवो, कुणाचं पाणी गढूळ होवो, कुणाचा गोल्डफिश पोट वर करून तरंगो, त्याचं निदान ठरलेलं: खाणं जास्त झालं. दहातल्या नऊ घरी ते खरंच असे. दहाव्या घरीही लोक माना डोलवत, कारण येता-जाता चिमूटभर टाकणारा कुणीतरी हौशी प्रत्येक घरात असतोच. या एका वाक्यानं त्याला वीस वर्षं तारून नेलं होतं. त्याचा त्याला आजवर कधी त्रास झाला नव्हता.

पण द्वारकाबाई तसल्या हौशी नव्हत्या. वैजापूरकडची शेती वाट्यानं देऊन त्या लेकाकडे राहायला आल्या, तेव्हा सांडूनंच त्यांना खाणं घालायला शिकवलं होतं. आधी पंप बंद करायचा, दोन चिमटी टाकायच्या, दोन मिनिटांत संपलं पाहिजे. उरलं की त्यातून शेवाळ माजतं. "म्हंजे खत जास्त झालं की तण माजतं, तसंच की," त्या म्हणाल्या होत्या. तेव्हापासून त्या खाणं टाकून शंभरपर्यंत आकडे मोजत आणि एखादा दाणा उरलाच, तर चहाच्या जुन्या गाळणीनं काढून घेत. एवढी शिस्त सांडूच्या दुसऱ्या एकाही गिऱ्हाइकाकडे नव्हती. कोळंबीला त्या मिशावाला म्हणत. पाण्यात हात धरला की मिशावाला बोटावर चढून नखांच्या कडा साफ करी. त्या घरात त्यांचा हात धरायला दुसरं फारसं कुणी येत नव्हतं.

चूक सांडूची होती. खाऱ्या टाकीची बादली वेगळी ठेवायची, हा नियम त्यानं स्वतःच केलेला. पण पडेगावात त्याच्या गल्लीत नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, आणि त्या दिवशी घरातलं एकूण एक भांडं भरून ठेवलं जातं. औषध कालवायची बादलीही बायकोनं पाण्यानं भरून ठेवली होती. ती ओतायला मन होईना, म्हणून दौलताबाद रस्त्यावरच्या एका हॉटेलातल्या माशांना पांढरे ठिपके आले, तेव्हा तांब्याचं औषध त्यानं खाऱ्या बादलीतच कालवलं. ती धुतानाही दोन तांबे पाण्यावर भागवलं. दुसऱ्या दिवशी त्याच बादलीत मीठ-पाणी करून या टाकीत सोडलं.

पुढचे दोन गुरुवार सांडू टाकी साफ करायला आला, तेव्हा द्वारकाबाई हॉलमध्ये आल्या नाहीत. एरवी त्या टाकीजवळ स्टूल घेऊन बसायच्या, कोणता मासा कोणाच्या वाटेला गेला, ते सगळं सांगायच्या. आता स्टूल गॅलरीत होतं. टाकीच्या झाकणावर साहेबांनी खाणं टाकायचं यंत्र बसवलं होतं, ते घरघर करून दिवसातून दोनदा ठरलेलं खाणं सोडायचं. शेवाळ खाणाऱ्या गोगलगाई गेल्या, त्यामुळे काचेवर हिरवा थर चढला होता. सांडूनं पाणी बदललं, उरलंसुरलं औषध शोषायला कोळशाची पिशवी सोडली, दिव्याचे तास कमी केले आणि गुपचूप पळ काढला. घरी जेवताना त्याला स्वतःची लाज वाटायची. चाळीस घरी आपल्याला माशांचा डॉक्टर म्हणतात, आणि आपण एका म्हातारीच्या आडोशाला लपलो.

तिसऱ्या गुरुवारी काच खरवडता खरवडता त्यानं खरवडणी ठेवली आणि स्वयंपाकघराच्या दारात गेला. द्वारकाबाई जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या.

"आजी, तुमच्या हातानं नव्हतं झालं. माझी बादली औषधाची होती. मी खोटं बोललो."

त्यांचा हात थांबला नाही. "मला वाटलंच व्हतं."

"मंग त्या दिवशी बोलल्या का नाय?"

"तू म्हणला, आन् त्यानं लगेच खरं धरलं. एका शब्दानं इचारलं नाय मला. मंग माझं मलाच वाटाया लागलं, टाकलं असंल आपणच. वय झालं आता." त्यांनी जुडीची दोरी सोडली. "मिशावाला गेला, त्याचं लई वाईट वाटलं."

सांडूचे कान तापले. चार शिव्या बसल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो हॉलमध्ये आला आणि साहेबांना फोन लावला. हे काम हातचं जाणार, आणि साहेबांच्या ओळखीची आणखी सात-आठ घरंही जाणार, हे धरूनच त्यानं सगळं सांगून टाकलं.

"अरे, एवढंच ना?" साहेब हसले. "होतं काम करताना. नवीन कोळंबी आणून सोड. शेवाळ तेवढं लवकर घालव, रविवारी पाहुणे आहेत."

"साहेब, खाणं आता आजींनाच टाकू द्या. त्यांच्याइतकं बेतानं कुणी टाकत नाय."

"मशीन लावलंय ना आता. बरं चाललंय ते. कशाला आईच्या मागे ताप?" साहेब म्हणाले, कुणीतरी त्यांना हाक मारली आणि फोन बंद झाला.

एक मिनिटही लागलं नव्हतं. आपला गुन्हा इतक्या स्वस्तात माफ झाला, याचीच सांडूला जास्त शरम वाटली. त्याची चूक होती तेव्हा साहेब हसले होते. आईची वाटली तेव्हा हसले नव्हते.

तो परत स्वयंपाकघरात गेला.

"रागावला का रं तुझ्यावर?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"नाय."

"बरं झालं. तुझं काम गेलं असतं त मला चैन पडली नसती." मग खालीच बघत म्हणाल्या, "आन् माझं काय म्हणला?"

"म्हणले, आईला ताप नको."

"व्हय," त्या म्हणाल्या. "काळजी हाय त्याला."

त्यांनी पुढची काडी उचलली. बाहेर यंत्र घरघरलं आणि थांबलं. द्वारकाबाई निवडत राहिल्या, पण आता मेथीची पानं कागदावरच्या कचऱ्यात पडत होती आणि काड्या परातीत. ते दाखवून द्यायला सांडूला तोंड नव्हतं. तो त्यांच्यासमोर मांडी घालून बसला आणि परातीतल्या काड्या एकेक करून वेचू लागला.