दाबून भाजलेले बर्गर

मित्रांनो, माझ्या काळ्या रंगाला हसू नका. मी सांगलीकडचा एक जुना बिडाचा तवा आहे. आजींच्या हाताखाली तेल पिऊन पिऊन गुळगुळीत झालो, आणि त्यांची लेक पद्मजा अमेरिकेला निघाली तेव्हा तिच्या साड्यांच्या घडीत बसून थेट शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आलो. बाहेर गुडघाभर बर्फ असायचा आणि आत माझ्यावर थालीपीठ खरपूस व्हायचं. "असा तवा अख्ख्या शिकागोत मिळायचा नाही!" पद्मजा आल्यागेल्याला सांगायची. माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

१९८५ साली तिच्या लेकीनं, उत्तरानं, हट्ट धरला, "मम्मी, माझ्या बर्थडेला हॅमबर्गर्स घरीच कर ना. सगळ्यांच्या मम्मी करतात." पद्मजानं जन्मात खिम्याला हात लावला नव्हता. पण लेकीसाठी आई काय करत नाही! बर्गरला जड भांडं हवं, असं शेजारीण म्हणाली. घरात जड असा मीच. एकदा मांस शिजलं की मी थालीपिठाला चालणार नव्हतो. हे ठाऊक असूनही तिनं मला गॅसवर चढवलं.

आणि तिथंच घात झाला. थालीपीठ दाबून भाजायची सवय! तिनं खिम्याच्या वड्या उलथन्यानं दाबदाब दाबल्या. सगळा रस माझ्या कडेनं ओघळून जळून गेला. 'अगं बाई, दाबू नकोस,' मी चरचरून सांगत होतो, पण तव्याचं कोण ऐकतं? बर्गर झाले गोवऱ्यांसारखे. मैत्रिणींनी एकेक घास खाऊन बशा बाजूला सारल्या. "यू रुइन्ड माय बर्थडे!" म्हणत उत्तरा रडत खोलीत गेली. पद्मजा खाली मान घालून मला घासत राहिली. शरमेनं माझंही तोंड काळं पडलं. मुळात काळंच, म्हणून कुणाला दिसलं नाही.

मग माझी रवानगी गॅरेजमध्ये, बर्फ ओढायच्या फावड्याशेजारी. ना थालीपिठाचा, ना बर्गरचा. अंगावर गंज चढला.

पुढच्या उन्हाळ्यात आजी आल्या. "पद्मे, माझा तवा कुठाय गं?"

"हरवला, आई," पद्मजा म्हणाली. खोटं बोलताना तिला मान वर करवेना.

ते उत्तराला बघवलं नाही. ती उठली आणि मला घेऊन आली. "आजी, हरवला नाही. मम्मीनं यावर माझ्यासाठी बर्गर केले होते." मग ती आईकडे वळली. "मम्मी, दाबायचं नसतं हे मला माहीत होतं. माझ्या मैत्रिणीकडे, लिसाकडे, मी पाहिलं होतं. पण तू साडीत होतीस. फ्रेंड्ससमोर तुझ्याजवळ उभं राहायची मला लाज वाटली. सॉरी."

 आजींनी पदर खोचला. "लोखंडाला कसला गं विटाळ? विस्तवावर तापला की झाला चोख!" त्यांनी मला मिठानं घासलं, तेल चोळलं, धूर निघेस्तोवर तापवलं. छताला लावलेला धुराचा अलार्म कोकलायला लागला तरी हटल्या नाहीत. "उत्तरे, आता कर तुझं ते बर्गर. आणि आईला शिकव."

उत्तरानं हलक्या हातानं वड्या थापल्या. पद्मजाचा हात सवयीनं उलथन्याकडे गेला, तो लेकीनं अलगद धरून ठेवला. त्या दिवशी रस आतच राहिला.

मित्रांनो, मला साबणाच्या पाण्यात भिजत टाकू नका, पुसून तेलाचं बोट फिरवा. आणि आई शेगडीपाशी एकटी दिसली, तर कोण बघतंय याचा विचार न करता तिच्या शेजारी जाऊन उभे राहा.